आठशे दहाचा आकडा

विजू,

दहाव्या दिवशी कावळा लगेच शिवला. गंगा उतरायला लागली होती, पण रामघाटाच्या खालच्या पायऱ्या अजून पाण्यात होत्या, म्हणून वरच्या पायरीवरचा गाळ धुऊन तिथेच पिंड ठेवला. मी दोन पावलं मागे सरकलो, तेवढ्यात राजा घाटाच्या बाजूने एक कावळा आला, त्याने भाताची दोन शितं उचलली आणि गेला. इतक्या झटपट झालेलं काम मी इतक्या वर्षांत चार-पाच वेळाच पाहिलं असेल. जमलेल्या मंडळींना सुटल्यासारखं झालं. कोणीतरी म्हणालं, बाईंची काही इच्छा राहिली नव्हती, समाधानाने गेल्या. मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला त्या कावळ्याचा राग आला होता.

हे माझं रोजचं काम, हे तुला सांगायला नको. महाराष्ट्रातून यजमान येतात, मी त्यांच्या माणसांचे दिवस करतो. कावळा येईना झाला की मीच त्यांना सांगतो, मनात काही असेल तर आता बोलून टाका. लोक बोलतात. एरवी चारचौघांत मान ताठ ठेवणारी माणसं तिथे पायरीवर हात जोडून कबुली देतात, वचनं देतात. मी नदीकडे बघत उभा राहतो आणि काही ऐकू आलं नाही असं दाखवतो. तुझ्या वेळी मी माझं वाक्य घरूनच तयार करून नेलं होतं. कावळा अडला की म्हणायचं, असं ठरवलं होतं. तो अडलाच नाही आणि वाक्य माझ्याबरोबर घरी परत आलं. ते असं होतं: विजू, तुझी झाडं मी मारली.

तेवढं लिहायचं म्हणून बसलो. पण नुसतं तेवढंच लिहिलं तर तू म्हणशील, दादा, कृती कुठे आहे, निरीक्षण कुठे आहे, एकदम अनुमानच लिहिलंस. तीस वर्षं मुलींच्या केमिस्ट्रीच्या वह्या तपासलेल्या बाईला अर्धवट उत्तर दिलेलं चालत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

शाळेतून निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात तू छतावर बाग करायची म्हणालीस आणि मी हसलो. आपल्या छतावर कुंडी कधी टिकली होती? छपरांवरून उड्या मारत बंदर येणार, रोप उपटणार, मूळ हुंगून बघणार आणि कुंडी शेजाऱ्यांच्या अंगणात ढकलून देणार. तुळससुद्धा आपण दरवर्षी नवी लावतो. तू ऐकून घेतलंस आणि गल्लीत सगळ्यांनी केलं तसं अर्ध्या छतावर लोखंडी जाळीचा पिंजरा करून घेतलास. माणसं पिंजऱ्यात आणि बंदर बाहेर, अशी ती व्यवस्था. मग मातीचा प्रश्न आला. आपल्या गल्लीत गाडी शिरत नाही, गोण्या पाठीवरून आणायच्या, वर चार जिने चढवायच्या, आणि छताला ओल येणार ती वेगळीच. मी हे सगळं मोठ्या समाधानाने तुला ऐकवलं. तू म्हणालीस, "मग मातीच नको." मला वाटलं, बाग रद्द झाली.

आठवड्याने तुझ्या सुधावहिनीचा पिठाचा डबा नाहीसा झाला. मोठा, झाकणाचा, वीस किलो पीठ मावणारा. तो छतावर सापडला, बाहेरून काळा रंगवलेला आणि काळ्यावर पुन्हा पांढरा. काळा कशाला तर आत उजेड जाऊ नये, उजेड गेला की शेवाळ धरतं. पांढरा कशाला तर बनारसचं ऊन. झाकणाला भोकं पाडायचं काम माझ्याकडे आलं. सळई तापवून मी भोकं पाडली. ती एका ओळीत आली नाहीत म्हणून तू मला एकदा आणि सुधाने पिठाच्या डब्यासाठी दोनदा बोल लावले. भोकांत चहाचे प्लॅस्टिकचे कप, कपांना खाली छिद्रं, कपात स्पंजचा चौकोनी तुकडा आणि स्पंजच्या खाचेत बी. डब्यात पाणी, पाण्यात खत. शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानातून आणलेला छोटा पंप बुडबुडे सोडायचा. मुळांनाही श्वास लागतो, हे मला साठीनंतर कळलं.

खताच्या दोन बाटल्या होत्या. दोन्ही एकामागून एक पाण्यात घालायच्या, एकमेकींत थेट कधी मिसळायच्या नाहीत. तू पहिल्याच दिवशी थेट मिसळल्यास. तळाला चुन्यासारखा पांढरा साका बसला. केमिस्ट्रीच्या बाईने असं करावं, म्हणून मी दिवसभर तुला चिडवलं, आणि तूही छतावर एकटीच हसत बसली होतीस. पुढे तू कधी चुकली नाहीस. पाणी आंबट की खारं ते थेंब टाकून रंगावरून बघायचीस, जास्त खारं असेल तर लिंबाचे थेंब. खत किती उरलं ते सांगणारं पेनाएवढं मीटर होतं. ते पाण्यात बुडवलं की आकडा दाखवायचं. तो आकडा तू रोज सकाळी वहीत लिहायचीस, तारीख घालून, खाली रेघ मारून. निवृत्त झालीस, पण प्रॅक्टिकलचा तास सुटला नव्हता.

पहिला पालक निघाला तेव्हा तू तो ताटात घालून गल्लीतल्या चार घरी दाखवून आलीस. नंतर पुदिना, कोथिंबीर, आणि पुण्याहून येणाऱ्या माझ्या एका यजमानांकडून बी मागवून लावलेला आंबट चुका. चुका इथल्या बाजारात मिळत नाही. अळूच्या भाजीत आपण आईच्या काळापासून चिंच घालून भागवत आलो होतो. तुझ्या चुक्याची पहिली भाजी झाली तेव्हा सुधाने पिठाचा डबा तुला माफ केला.

आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. भाजी मी खाल्ली, दोनदा वाढून घेतली. पण नैवेद्याच्या पानात ती ठेवायला मी नको म्हटलं. तू कारण विचारलंस. मी म्हटलं, जे जमिनीत उगवलं नाही ते देवाला कसं चालेल, मुळं अधांतरी लोंबकळतात त्याची. तू म्हणालीस, शिंगाडा उपासाला चालतो, तो कुठे जमिनीत उगवतो, आपल्या डोळ्यांसमोर तळ्यात तरंगतो. मी म्हटलं, तळ्याला तळ असतो, तळाला चिखल असतो. त्यावर तू म्हणालीस, "तळ डब्यालाही आहे, दादा. चिखल हवा असेल तर तो तुझ्या डोक्यात आहे." सुधा हसली म्हणून मी जेवण अर्धं टाकून उठलो. दोन वर्षं हा वाद चालला. मी पोथ्यांतून एकेक आधार काढायचो, तू एकेक पाण्यातली वनस्पती काढायचीस. तू शेवटपर्यंत नैवेद्याला बाजारची कोथिंबीर आणलीस आणि आपल्या पानात मुद्दाम डब्यातली घेतलीस. माझं मत अजून बदललेलं नाही. तेराव्याच्या स्वयंपाकाला कोथिंबीर बाजारातूनच आली. तू असतीस तर खवळली असतीस, आणि मला ते आवडलं असतं.

आता मूळ गोष्टीवर येतो.

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी तुला दम लागला आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, चार-आठ दिवस बघू. तू खाटेवर टेकून बसलीस आणि पहिलं बोललीस ते डब्याबद्दल. तुझं वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. "दादा, रोज खुणेपर्यंत पाणी भर. फिल्टरचं. एकदम साधं पाणी, दुसरं काही नको. मतलब, काहीच नको. आणि मीटरचा आकडा मला येऊन सांग." मी हो म्हटलं. सकाळची पूजा आटोपून मी यायचो, दुपारी सुधा यायची. पहिल्या दिवशी आठशे चाळीस होता, मग आठशे सव्वीस, मग आठशे दहा. तू समाधानाने मान हलवायचीस. म्हणायचीस, झाडं जेवताहेत.

घरी मी तुझ्यासाठी अभिषेक धरला होता. रोज रुद्राची अकरा आवर्तनं, दूध, दही, तूप, मध, साखर. हे मी तुला सांगितलं नव्हतं. तू देवाला नमस्कार करायचीस, पण तुझ्या नावाने काही चाललंय म्हटलं की तुला संकोच व्हायचा. अभिषेक झाला की ताम्हनातलं तीर्थ राहतं. ते मोरीत ओतायचं नाही, कोणाच्या पायाखाली येईल असं टाकायचं नाही. एरवी मी ते तुळशीला घालतो किंवा घाटावर नेतो. यंदाची तुळस बंदरांनी आषाढातच मोडली होती. घाटावर जायला गल्लीच्या तोंडापर्यंत पुराचं पाणी आलं होतं, नावा बंद होत्या, पोलिसांनी दोर बांधले होते. दोन दिवसांचं तीर्थ तांब्यात साठलं, त्याला वास यायला लागला.

तिसऱ्या दिवशी मी तांब्या घेऊन तुझ्या डब्याजवळ उभा राहिलो. तुझी ताकीद मला आठवत होती, मी विसरलो नव्हतो. पण मी असा विचार केला की काहीच नको म्हणजे खत नको, औषध नको. हे तर तीर्थ. वनस्पतीच्या मुळाशी गेलं म्हणजे योग्य जागी गेलं. झाकण असल्यामुळे कोणाचा पाय पडायचा प्रश्न नाही. आणि खरं कारण असं की, जे पाणी तुझ्या आयुष्यासाठी देवावर घातलं ते तुझ्या झाडांना मिळावं, हे मला बरं वाटलं. मी मंत्र म्हणत ते डब्यात ओतलं. पुढचे तीन दिवस रोज ओतत राहिलो.

चौथ्या दिवशी पाण्यावर फेस आला. मला वाटलं, पंपाचे बुडबुडे. पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर आंबलेल्या ताकासारखा वास. पांढरीशुभ्र असायची ती मुळं तपकिरी झाली होती, हात लावला तर बुळबुळीत, बोटात तुटून आली. वरची पानं मात्र हिरवी होती, म्हणून मी स्वतःची समजूत घातली. सातव्या दिवशी चुका आडवा पडला, पालक झाकणावर पसरला, पुदिन्याच्या काड्या काळ्या झाल्या. मी सगळं काढून गल्लीतल्या गायीपुढे ठेवलं. गायीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. बनारसची गाय पुठ्ठे खाते, पण तिने माझा प्रसाद घेतला नाही.

खोटं मात्र चौथ्या दिवशीच सुरू झालं होतं. तीर्थ पडल्यापासून मीटर भलताच आकडा दाखवत होतं, आणि हॉस्पिटलात तू विचारलंस, आकडा किती? मी म्हटलं, आठशे दहा. तो माझ्याकडचा शेवटचा खरा आकडा होता, तोच पुढे चालवला. मला वाटलं होतं की सांगताना आवाज कापेल. कापला नाही. रोज तेच सांगितलं तर संशय येईल म्हणून मी मध्ये एक दिवस आठशे वीस केला, मग आठशे, मग पुन्हा आठशे दहा. तू वही उशाशी ठेवली होतीस, त्यात लिहून घ्यायचीस, खाली रेघ मारायचीस. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे मला ठाऊक नव्हतं. आयुष्यभर संस्कृत बोललो, त्यात खोटं बोलायची संधी फारशी येत नाही.

खोटं का बोललो, हेही लिहितो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मनाला त्रास होईल असं काही सांगू नका. ते मी स्वतःला सांगण्याचं कारण. खरं कारण, मला तुझी भीती वाटत होती. तू रागावशील याची नाही. तू रागावणार नाहीस, नुसती भिंतीकडे बघशील, याची.

मग दोन-तीन दिवसांनी तू आपणहूनच विषय काढलास. म्हणालीस, पडल्या पडल्या कंटाळा येतो, तुला सांगते ही बाग कशी लावायची, कधी उपयोगी पडेल. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. माझा बेत असा होता की तू घरी यायच्या आत डबा पुन्हा हिरवा करायचा, तुला पत्ताही लागू द्यायचा नाही. त्याची सगळी कृती तू स्वतःच सांगायला निघाली होतीस. मला वाटलं, मी फार हुशार आहे.

तू फार पद्धतशीर सांगितलंस. पहिल्या दिवशी फक्त धुणं. जुना डबा असेल तर आधी साबणाने, मग ब्लीचिंगच्या पाण्याने, पंपाची नळी आणि कपसुद्धा, आणि दिवसभर उन्हात उघडा ठेवायचा. मी विचारलं, इतकं कशाला? तू म्हणालीस, आधीची कीड राहिली तर नवीन मूळ धरत नाही. दुसऱ्या दिवशी काय लावायचं ते. या उकाड्यात पालक रुसतो, चुका तर नकोच, नवशिक्याने दोनच गोष्टी घ्याव्यात, लाल माठाचं बी आणि पुदिन्याच्या काड्या. काडी पेराच्या खाली कापायची, खालची पानं काढायची, आठ दिवसांत मुळं येतात. तिसऱ्या दिवशी पाणी. काड्यांना आणि कोवळ्या रोपांना खत निम्मंच द्यायचं, भरल्या पोटी भरवून बाळ मोठं होत नाही. पाण्याची पातळी स्पंजला जेमतेम लागेल इतकी, आणि मुळं लांबली की ती जरा खाली आणायची, म्हणजे मधल्या हवेत मूळ श्वास घेतं. डब्याभोवती ओलं पोतं गुंडाळायचं, पाणी तापलं तर सगळं फुकट. प्रत्येक गोष्ट तू मला परत म्हणायला लावायचीस. बोलता बोलता दम लागला तर हात वर करून थांबायचीस, ऑक्सिजनची नळी नीट करायचीस आणि पुन्हा सुरू करायचीस. मी म्हणायचो, उद्या सांग. तू म्हणायचीस, तास संपलेला नाही.

सत्तरीकडे झुकलेला मी, चार जिने चढून जायचो आणि तू सांगितलेलं जसंच्या तसं करायचो. पंचक्रोशीत यापूर्वी ब्रह्मवृंदातल्या कोणी ब्लीचिंग पावडरीने हात पोळून घेतले असतील असं वाटत नाही. मंडईतून पुदिन्याच्या जुड्या आणल्या, त्यातल्या धडधाकट काड्या निवडल्या. तीर्थाचा तांब्या मी त्या दिवसांत शेजारच्या गल्लीतल्या पिंपळाला घालून यायचो, गुडघाभर पाण्यातून जाऊन. माठ चौथ्या दिवशी उगवला, लाल धाग्यांसारखा. पुदिन्याला नवव्या दिवशी पांढरं मूळ फुटलं. मी झाकण उचलून ते पाहिलं आणि तिथेच छतावर खाली बसलो. आनंद झाला होता, दुसरं काही नाही.

आणि पंचाईतही झाली. आता मीटर खरा आकडा दाखवत होतं, आणि तो निम्म्या खताचा होता. आठशे दहावरून एकदम पाचशेवर कसं यायचं? मी आणखी दोन दिवस आठशे दहाच सांगितलं. मग एक दिवस मला खोटं बोलायचा कंटाळा आला. दुसरा शब्द सापडत नाही, कंटाळाच. तू विचारलंस आणि मी म्हटलं, पाचशे साठ. तू वर बघितलंस. वहीत लिहिलंस. दुसऱ्या दिवशी पाचशे बेचाळीस. तिसऱ्या दिवशी पाचशे एकतीस. तू आकडा लिहिलास, रेघ मारलीस. मी खालून औषधं घेऊन आलो तेव्हा वही मिटून माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, ही घरी घेऊन जा.

चौथ्या दिवशी तू विचारलंच नाहीस. मी वाट पाहिली. डॉक्टर येऊन गेले, सिस्टरने सुई बदलली, मी उशी सारखी केली. शेवटी तू विचारलंस ते, जेवून आलास का. त्यानंतर पाच दिवस रोज तेच, जेवलास का, वहिनीचे गुडघे कसे आहेत, पाणी घाटावरून उतरलं का. झाडांचं नावही नाही. आणि मी आपणहून सांगायला धजलो नाही. मला वाटलं, हिचं मन सगळ्यातून निघालं. माणूस जायच्या आधी एकेक गोष्ट सोडत जातो, हे मी यजमानांकडून इतक्यांदा ऐकलंय, त्यात आवडती गोष्ट सगळ्यात आधी सुटते म्हणतात. तुझी बाग सुटली, म्हणजे आता राहिलं काय. तू पहिल्यांदा विचारलं नाहीस त्याच दिवशी परत येताना ऑटोत मला रडू आलं. ऑटोवाला आरशातून बघत होता, त्याने मैदागिनला उतरवताना मला पाण्याची बाटली दिली. घरी येऊन मी तेराव्यापर्यंतच्या सामानाची यादी केली. मला ते येतं, ते काम आहे माझं. तू गेलीस तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते आधीच झालं होतं. लोकांना वाटलं, शास्त्रीबुवा खंबीर आहेत.

दहाव्याहून परतल्यावर मी सुधाला सांगितलं. कावळ्याचं सांगितलं, मग तीर्थाचं, मग रोजच्या आठशे दहाचं. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "तिला माहीत होतं."

मला वाटलं, सुधानेच सांगितलं असणार. तिचे गुडघे तिला छतावर जाऊ देत नाहीत, पण वास काय जिना उतरून येत नाही? तर ती म्हणाली, मी चकार शब्द काढला नाही, तिनेच मला सांगितलं, तुमच्या खोट्या आकड्याच्या तिसऱ्या दिवशी. तू तिला वही दाखवली होतीस. डब्यात रोज साधं पाणीच भरत गेलं तर खत कमी व्हायला हवं, आकडा रोज थोडा उतरायलाच हवा. उतरत नाही, म्हणजे डब्यात खाणारं कोणी नाही. तू सुधाला म्हणालीस, "वहिनी, दादा घरी बसून रीडिंग घेतोय. झाडं गेली."

मी विचारलं, मग मला बोलली का नाही? सुधा म्हणाली, मीही तेच विचारलं. तर म्हणाली, आत्ता बोलले तर तो पाया पडत बसेल, त्यात दिवस जातील. त्यापेक्षा शिकून घेऊ दे.

तेव्हापासून मी ते दिवस पुन्हा पुन्हा उलटून बघतो आहे. डबा साबणाने धुवायला सांगितलंस, जुनी कीड राहते म्हणालीस. चुका नकोच म्हणालीस. प्रत्येक पानाचे फोटो काढून जुन्या विद्यार्थिनींना पाठवणारी तू, हॉस्पिटलातल्या सत्तावीस दिवसांत सुधाच्या फोनवर एकदाही फोटो मागितला नाहीस, आणि मी ते माझं नशीब समजलो. आपण दोघं समोरासमोर बसून एकमेकांना सांभाळत होतो. मी तुला वाचवतोय असं मला वाटत होतं आणि तू मला धडे देत होतीस. दम लागत असताना. तो दम तू माझ्या चुकीवर खर्च केलास, याचं मला फार वाईट वाटतं. आणि तू केलास म्हणून तुझ्या छतावर आज काहीतरी हिरवं आहे.

वही माझ्याकडे आहे. मी ती तेव्हा उघडली नव्हती, काल उघडली. तुझं अक्षर शेवटी शेवटी हललेलं आहे. माझे सगळे खोटे आकडे तू तारीख घालून लिहिलेत, आणि एकाही आकड्याखाली रेघ नाही. मी समोर बसलो असताना तुझा हात रेघ मारल्यासारखा हलायचा, पण कागदावर काही नाही. रेघा आहेत त्या पहिल्या तीन आकड्यांखाली, आणि मग एकदम शेवटच्या तीन. पाचशे साठ, पाचशे बेचाळीस, पाचशे एकतीस. पाचशे एकतीसच्या बाजूला तू बरोबरची खूण केली आहेस, लाल पेनाने, मुलींच्या वहीत करायचीस तशी. लाल पेन तिथे कुठून आणलंस, कोणाकडून मागून घेतलंस, ते मला कळत नाही.

म्हणजे नवी झाडं जगली हे तुला कळलं होतं. कोणी जेवायला लागलंय हे तुला आकड्यावरून दिसलं, म्हणून तू विचारायचं थांबलीस. तुझं मन कशातूनही निघालेलं नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तुझा माझ्या शब्दावर विश्वास बसला होता, आणि नेमक्या त्या दिवशी मी ऑटोत बसून, तू गेल्यासारखा रडलो.